काविळीची माळ आणि बंद केलेली गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला काविळीवरचा लेख वाचला. पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका, हे सगळं आलं. रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला होणारी 'ब' कावीळ मात्र दोन ओळींत आटोपली. एचआयव्हीसुद्धा त्याच वाटांनी येतो. तरी एचआयव्ही असलेल्या बायकांचा लेखात उल्लेखही नाही, याचा मला राग आला.

माझी धाकटी जाऊ खानापूर तालुक्यात राहते. दीर वारले तेव्हा तिची तपासणी झाली, एचआयव्ही निघाला. सहा वर्षं ती रोज एआरटीची, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी, गोळी न चुकता घेत होती. गेल्या पावसाळ्यात तिला जेवण जाईना. एका दवाखान्यात सांगितलं, ही गोळी लिव्हरला जड, थोडे दिवस थांबवा. तिनं थांबवली. महिना-दीड महिन्यात डोळे हळदीसारखे पिवळे! घरच्यांनी काविळीची माळ घातली, पाल्याचा रस पाजला. शेवटी बेळगावला आणली तेव्हा कळलं की 'ब' कावीळ अंगात जुनीच होती. गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही औषधं एचआयव्ही आणि 'ब' कावीळ या दोन्हींच्या विषाणूंना दाबून ठेवतात. गोळी सुटली आणि कावीळ उसळली. सहा वर्षांत हे तिला एकदाही कुणी सांगितलं नाही. 'ब' आणि 'क' काविळीची तपासणी आणि औषधं मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, तरी!

आता ती बरी आहे, गोळी पुन्हा सुरू आहे. पण मुलीचं काय? जन्मल्यावर २४ तासांत द्यायच्या 'ब' काविळीच्या लसीचा रकाना तिच्या कार्डावर कोरा आहे. आता तिचं रक्त तपासायला दिलंय.

आणखी एक. जावेला दिलेला सूचनांचा कागद निव्वळ कन्नडमध्ये होता. तिची शाळा मराठी, तीही चौथीपर्यंत. जिथं अल्पभाषक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. आम्ही हे मागितलं की राजकारण म्हणतात. इथं प्रश्न जिवाचा होता.

कृपया पुढच्या अंकात चौकट करून छापा: एआरटीची गोळी एआरटी केंद्राला विचारल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आणि 'ब', 'क' काविळीची तपासणी झाली का ते केंद्रातच विचारा.

माझं नाव छापू नये. जावेला पाण्याला त्याच विहिरीवर जायचं असतं.

– एक वाचक, बेळगाव