बिर्लासाहेब, एकदा पडदा लावा की सभागृहात

मा. लोकसभा अध्यक्ष ओम बिर्लासाहेब,
स. न. वि. वि.

सांगलीहून लिहितोय. मागणी एवढीच की युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना एकदा आपल्या सभागृहात पडद्यावरून बोलू द्या. राजकारणातला माणूस नाही मी, किराणा मालाचं दुकान आहे, पण रात्री जेवताना यूट्यूबवर परदेशातल्या संसदांची भाषणं बघायचं एक खूळ लागलंय, घरातले वैतागतात. हे खूळ लागलं मार्च २०२२ मध्ये. आमच्या गल्लीतली एक पोरगी तेव्हा युक्रेनमधल्या खारकीवला एमबीबीएस करत होती, आणि रशियाने तिथं नुकताच हल्ला केला होता. २ मार्चला आपल्या दूतावासाचा मेसेज आला, आत्ताच्या आत्ता शहर सोडा, गाडी मिळत नसेल तर चालत निघा, संध्याकाळी ६ च्या आत पेसोचिन, बाबाये नाहीतर बेझल्युदोव्हका गाठा. आम्ही सगळे तिच्या बापाच्या मोबाईलभोवती कोंडाळं करून ही गावं नकाशावर शोधत होतो. आदल्याच दिवशी कर्नाटकातला एक मुलगा तिथं दुकानापुढच्या रांगेत उभा असताना गेला होता, त्यामुळे कोणी काही बोलत नव्हतं. पोरगी आली सुखरूप. आणि ८ मार्चला झेलेन्स्की ब्रिटनच्या संसदेत पडद्यावर आले, ते भाषण मी पूर्ण बघितलं.

काय भाषण होतं साहेब! पहिल्या दिवशी पहाटे ४ वाजता क्षेपणास्त्रं आली तिथून सुरुवात, मग दुसरा दिवस, तिसरा दिवस, असं करत करत तेराव्या दिवसापर्यंत आले, एखादा माणूस घरात घडलेलं पाहुण्याला सांगतो ना, तसं. मधे शेक्सपिअर, शेवटी चर्चिल. सगळे खासदार कानाला हेडफोन लावून गप्प. त्यानंतर मी मोजायचंच सोडलं, कारण हा माणूस दर दोन-तीन दिवसांनी एका नव्या संसदेत दिसायचा. अमेरिकेपुढे बोलला तर पर्ल हार्बर आणि ९/११ चे हल्ले. जपानमध्ये अणुभट्टीचा विषय. बेल्जियममध्ये चक्क हिरे, शांतता हिऱ्यांपेक्षा महाग आहे म्हणाला. सेल्समन म्हणून मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन, गिऱ्हाईक बघून माल दाखवायचा हे आमच्या धंद्यात पहिलं शिकवतात. पण कधी कधी अंदाज चुकायचा पण. इस्राएलच्या खासदारांपुढे त्याने ज्यूंच्या हत्याकांडाशी तुलना केली आणि तिथले मंत्रीच चिडले. ग्रीसमध्ये आपल्यासोबत अझोव्ह बटालियनच्या, म्हणजे अतिउजव्या विचारांशी नाव जोडलेल्या तुकडीच्या, एका सैनिकाला बोलायला लावलं, तिथंही बोंब झाली.

मला मात्र भाषणापेक्षा ऐकणारे बघायला जास्त आवडतं. १७ मार्चला जर्मनीच्या संसदेत झेलेन्स्कीने सरळ चान्सलरचं नाव घेऊन सांगितलं की युरोपात उभी राहिलेली ही भिंत पाडा, रशियाकडून येणाऱ्या गॅसच्या पाइपलाइनवरून पण सुनावलं, सगळे उभे राहून टाळ्या, आणि पुढच्या मिनिटाला पीठासीन बाईंनी काय करावं, ज्या खासदारांचे वाढदिवस होते त्यांना शुभेच्छा वाचून दाखवल्या आणि गाडी पुढच्या विषयावर, कोव्हिड लसीच्या सक्तीवर. विरोधी पक्ष म्हणत होता निदान थोडी चर्चा तरी करू, ती पण मतदान घेऊन फेटाळली. मी ते बघताना हातातला घास तसाच धरून बसलो होतो. दक्षिण कोरियात तर ११ एप्रिलला ३०० पैकी साठेक खासदार आले, तेही संसदेच्या लायब्ररीतल्या हॉलमध्ये, मागच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या. आणि अमेरिकेचंच बघा, डिसेंबर २०२२ मध्ये तो स्वतः तिथं गेला, आघाडीवरच्या बाखमूत शहरातल्या सैनिकांनी सह्या केलेला झेंडा दिला, तुमचा पैसा म्हणजे दानधर्म नाही, गुंतवणूक आहे असं म्हणाला, सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. ९ महिन्यांनी परत गेला तर तिथल्या सभागृहाचे अध्यक्ष म्हणाले संयुक्त भाषणाला वेळ नाही! मग पुढची ६१ अब्ज डॉलरच्या आसपासची मदत महिनोन्‌महिने अडकली ती एप्रिल २०२४ पर्यंत. टाळ्यांचा आणि मताचा काही संबंध नसतो, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या संसदांमध्ये हा माणूस बोलला, आपल्याकडे नाही बोलला. का नाही ते मला कळतं. रशियाशी आपलं जुनं नातं आहे, शस्त्रं आहेत, आणि युद्धाआधी त्यांचं तेल आपल्याकडे २ टक्क्यांच्या आसपास यायचं ते पुढं एक तृतीयांशाच्या वर गेलं, स्वस्त मिळालं तर कोण सोडेल, मीही नसतं सोडलं. युनोत आपण तटस्थ राहिलो त्याबद्दलही माझी तक्रार नाही. मोदीसाहेब ऑगस्ट २०२४ मध्ये कीव्हला जाऊन गळाभेट घेऊन आले, म्हणजे बोलणंचालणं बंद आहे असंही नाही. पण पंतप्रधानांनी भेटणं वेगळं आणि आमच्या खासदारांनी ऐकणं वेगळं. २०२२ मध्ये सूर्यफूल तेलाचा डबा ज्या भावाने मी गिऱ्हाइकाला विकला, तो भाव युक्रेनच्या बंदरांवरून ठरला होता, म्हणजे ते युद्ध माझ्या गल्ल्यात येऊन बसलं होतं, मग ते आमच्या खासदारांच्या कानावर थेट का नको?

आणि तटस्थ माणसानेच दोन्ही बाजू ऐकायच्या असतात ना? गावात भांडण झालं की पंच दोघांनाही बोलावतात, घरात दार लावून बसत नाहीत.

माझी मागणी फार मोठी नाही. संयुक्त अधिवेशन नको, ओबामा २०१० ला सेंट्रल हॉलमध्ये बोलले तसा थाट नको. एक दिवस पडदा लावा, झेलेन्स्कींना अर्धा तास द्या, दुसऱ्या दिवशी रशियाच्या माणसाला अर्धा तास द्या. फक्त एक अट, जी ब्रिटन-अमेरिकेत कुणी घातली नाही. भाषण संपलं की आमचे खासदार प्रश्न विचारणार.

प्रश्न आहेत की आमच्याकडे. युक्रेनला विचारायचं, १९९८ ला आम्ही पोखरणला चाचण्या केल्या तेव्हा तुम्ही आमचा निषेध करणाऱ्यांत होतात, आणि त्याच काळात पाकिस्तानला ३२० रणगाडे विकलेत, ते कसं काय? पोलंडच्या बॉर्डरवर आमच्या पोरांना तासन्‌तास थंडीत अडवून ठेवलं, ढकलाढकली झाली, त्याचं काय झालं पुढे? रशियाला विचारायचं, एजंटांनी नोकरीच्या नावाखाली नेलेली आमची पोरं तुमच्या सैन्यात आघाडीवर कशी पोचली, काही तर मेली, बाकीची कधी परत येणार? हे टीव्हीवरचे अँकर ओरडून विचारतात, पण उत्तर द्यायला समोर कोणी नसतं. सभागृहात समोर असेल.

तुम्ही म्हणाल हे परराष्ट्र मंत्रालयाचं काम. असेल. पण मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर आपणच सात शिष्टमंडळं ३० हून जास्त ठिकाणी पाठवली होती, सगळ्या पक्षांची मिळून. त्यातल्या दोघांचं नेतृत्व आमच्या महाराष्ट्राच्या खासदारांकडे होतं, श्रीकांत शिंदे आखात आणि आफ्रिकेत गेले, सुप्रियाताई कतार, इजिप्त, इथिओपिया, दक्षिण आफ्रिका करून आल्या. तिथल्या खासदारांपुढे बसून, पहलगामला काय झालं ते ऐका हो, असं सांगत होते. मला त्यांचा अभिमान वाटला, खरंच. शशी थरूर कोलंबियात गेले, तिथल्या सरकारने पाकिस्तानातल्या मृतांबद्दल शोक व्यक्त केला होता, यांनी नाराजी सांगितली आणि ते निवेदन मागे घेतलं गेलं. म्हणजे ऐकून घेतल्याने फरक पडतो हे आपल्याच माणसांनी करून दाखवलंय. मग उद्या लायबेरियाचा किंवा कोलंबियाचा खासदार म्हणाला, तुमच्या सभागृहात तुम्ही किती जणांचं ऐकलंत, तर आपले काय सांगणार?

आणि यादी झेलेन्स्कींपाशी थांबवायची गरज नाही. सुदानचे लोक आहेत, पॅलेस्टाईनचे आहेत. पण सुरुवात एकाने करा.

खुर्च्या भरायची काळजी मात्र तुम्ही घ्या, कोरियासारखं नको. नव्या इमारतीत लोकसभेत ८८८ जागा आहेत, दुपारच्या जेवणानंतर कॅमेरा फिरतो तेव्हा त्यातल्या किती भरलेल्या असतात ते आम्हाला घरी बसून दिसतं. भाषण सकाळी ठेवा.

भाषेची अडचण सांगू नका. तुमच्याच कारकिर्दीत खासदारांच्या कानात भाषांतर ऐकू येणाऱ्या भाषा वाढल्या, मराठी तर त्यात आहेच. युक्रेनियनमधून आधी इंग्रजीत आणि तिथून मराठीत, थोडं मागंपुढं होईल, चालेल आम्हाला. दुकानातला टीव्ही त्या दिवशी मी संसद टीव्हीवर लावून ठेवतो, गल्लीतल्या त्या पोरीलाही बोलावतो, ती आता डॉक्टर आहे, भाषांतर चुकलं तर तीच सांगेल, तिला थोडी युक्रेनियन येते.

आपला,
सांगलीचा एक मतदार