एचडीचे पैसे घेऊन एसडी (कमी स्पष्टतेचे साधे) चित्र दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
नोडल अधिकारी, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: एचडी पॅकमधील वाहिन्यांच्या चित्राचा दर्जा आणि जादा शुल्काचा परतावा.

महोदय,

आपल्या नव्या डीटीएच सेवेची जाहिरातच मुळात एचडी वाहिन्यांची होती आणि तिच्यावर विसंबून मी व्यवस्थित चाललेली जुनी जोडणी बंद करून आपला सेट टॉप बॉक्स व एचडी पॅक घेतला. आईची दृष्टी अधू झाल्यामुळे तिला चित्र स्वच्छ दिसावे, हाच त्यामागे हेतू होता. प्रत्यक्षात पॅकमधील अनेक वाहिन्यांवर, विशेषतः मराठी वाहिन्यांवर, नावापुढे एचडी असूनही चित्र धूसर असते, चेहरे आडवे ताणलेले दिसतात आणि बातम्यांच्या पट्टीतील अक्षरे नीट वाचता येत नाहीत.

टीव्हीवर 1080 हा आकडा येतो, म्हणजे सेवा एचडीच आहे, असे उत्तर आपल्या ग्राहक सेवा केंद्राने दिले. ते मला मान्य नाही. तो आकडा बॉक्समधून टीव्हीकडे जाणाऱ्या सिग्नलचा असतो. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 1080 निवडले की साधी एसडी वाहिनीसुद्धा तोच आकडा दाखवते, हे मी स्वतः पाहिले आहे. एसडी चित्र 720 बाय 576 बिंदूंचे, तर एचडी 1920 बाय 1080 बिंदूंचे, म्हणजे पाचपट असते, आणि मुळात नसलेला तपशील चित्र पडदाभर ताणल्याने येत नाही. टीव्ही किंवा एचडीएमआय केबल सदोष असल्याचे तंत्रज्ञाचे म्हणणेही टिकत नाही, कारण त्याच टीव्हीवर, त्याच केबलने आपल्याच काही वाहिन्या उत्तम दिसतात.

क्रीडा वाहिन्यांची तक्रार वेगळी आहे. तेथे चित्र खरोखर एचडी आहे, परंतु चेंडूमागे कॅमेरा वेगाने वळला की मैदानाच्या हिरवळीचे चौकोन होतात. आकाश निरभ्र आणि सिग्नल पूर्ण असतानाही असे होते, त्यामुळे एका ट्रान्सपॉन्डरवर (उपग्रहावरील प्रक्षेपण यंत्रणेवर) अधिक वाहिन्या बसवण्यासाठी चित्र प्रमाणाबाहेर दाबले (कॉम्प्रेस केले) जात असावे, असे माझे मत आहे.

ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2017 च्या दर आदेशात नेटवर्क क्षमता शुल्कासाठी (वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याच्या मूळ मासिक शुल्कासाठी) एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली होती. तेव्हा एचडीच्या नावाने पैसे घेणाऱ्या कंपनीने चित्रही एचडीचेच दिले पाहिजे.

पॅकमधील कोणत्या वाहिन्या खऱ्या एचडीत प्रक्षेपित होतात आणि कोणत्या ताणून दाखवल्या जातात, याची यादी मला लेखी द्यावी, आणि ताणलेल्या वाहिन्यांसाठी जोडणीच्या दिवसापासून घेतलेले जादा शुल्क परत करावे. तसे न झाल्यास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक, सातारा