सातव्या महिन्यातील साखरेची तपासणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाळंतपणाची बातमी कळली की मुलगा की मुलगी यापाठोपाठ वजनाची चौकशी होते, आणि ते चार किलोंच्या वर असल्याचे कळले तर घरात कौतुकाला उधाण येते. कमी वजनाच्या बाळाची काळजी घ्यायला आपण शिकलो आहोत व ती घेतलीच पाहिजे. परंतु अति वजनाचे बाळ म्हणजे केवळ चांगले बाळसे, हा समज मात्र अजून गेलेला नाही. वेंगुर्ले तालुक्यात आरोग्य सेविका म्हणून अनेक वर्षे काम केल्यामुळे याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

उंच आईवडील, आधीचे बाळ वजनदार असणे, बाळ मुलगा असणे, दिवस उलटून जाणे अशी यामागे अनेक कारणे असू शकतात, त्यामुळे प्रत्येक मोठ्या बाळाच्या आईला मधुमेह असतोच असे नाही आणि तिला दोष देणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. मात्र आईचे मुळातच जास्त असलेले वजन, गरोदरपणात ते प्रमाणाबाहेर वाढणे आणि गरोदरपणातील मधुमेह या कारणांवर वेळेत लक्ष ठेवता येते. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन तयार करते आणि त्याच्या खांद्यांवर व धडावर चरबी साठते. डोके बाहेर आल्यावर खांदा अडकला तर बाळाच्या हाताच्या नसांना इजा होऊ शकते आणि आईला मोठ्या जखमा व अतिरक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे वाढलेले इन्शुलिन लगेच कमी होत नाही. त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर एकदम उतरू शकते. असे गुटगुटीत बाळ सुस्त पडून राहते, अंगावर ओढत नाही, आणि घरची मंडळी ‘शांत बाळ आहे, झोपू दे’ म्हणतात. त्या वेळी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहणे व लवकर अंगावर पाजणे फार महत्त्वाचे असते.

मधुमेहाची ही तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला देतात, त्यासाठी उपाशी यावे लागत नाही, आणि दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह धरून उपचार सुरू होतात. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा, अशी ती दोनदा व्हायला हवी. आपल्याकडे अडचण येते ती या दुसऱ्या वेळी. पहिलटकरीण याच सुमारास, सातव्या महिन्यात, मुंबई-पुण्याहून माहेरी येते. फाइल तिकडेच राहते, तिकडचे डॉक्टर म्हणतात गावी करून घ्या, आणि गावी सर्वांना वाटते की तिकडे झालीच असेल. ज्या आपल्याच वाडीत राहतात त्यांचे निराळे. ते गोड पाणी घशाखाली उतरत नाही, बाकावर बसून मळमळते, आणि दोन तास थांबले तर दुपारची एस.टी. चुकते म्हणून बाई रक्त न देताच निघून जाते.

तपासणीत साखर जास्त निघाली म्हणून उपाशी राहायचे नसते. पेज, भात, घावणे, आंबोळी यांचे प्रमाण आवरून दिवसभरात थोडे थोडे खाणे, सोबत मासे, कुळीथ, मूग, पालेभाज्या असणे, आणि डॉक्टरांची हरकत नसल्यास जेवणानंतर थोडे चालणे, एवढ्यानेही अनेकींची साखर आटोक्यात येते. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहून गरज असेल तरच डॉक्टर औषध किंवा इन्शुलिन देतात. मात्र डोहाळजेवण झाल्यावर घरोघरून येणारी पक्वान्ने आणि हापूसच्या दिवसांतला आग्रह यांना कुटुंबानेच आवर घातला पाहिजे, कारण ‘दोन जिवांची आहेस’ म्हणणाऱ्या सासूला किंवा आईला नकार देणे त्या मुलीला जमत नाही.

माझी विनंती एवढीच की लेक माहेरी येण्यापूर्वी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर दुसऱ्या तपासणीचा आकडा लिहिला आहे का, हे घरातल्यांनी पाहावे आणि नसेल तर आल्याच आठवड्यात आशाताईंना कळवावे. आरोग्य विभागाने उपकेंद्रातील ही तपासणी सकाळच्या पहिल्या गाडीने येणाऱ्या बायकांची आधी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते; तिची तालुकावार ठिकाणे आपण आदल्या आठवड्यात अंकात छापलीत तर दूरच्या वाड्यांना त्याचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग