जनरेटर पडवीत ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाची पहिली सर येऊन गेली की आमच्याकडची माणसं जनरेटर बघायला तालुक्याच्या बाजारात जातात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक वाड्यांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून ज्याला परवडतं तो घरी जनरेटर घेतो, आणि घ्यावाच. माझं म्हणणं आहे ते जागेबद्दल. किती केव्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, तासाला तेल किती खातो, वॉरंटी किती, हे सगळं दुकानात विचारलं जातं. घरी नेऊन ठेवायचा कुठे, हे दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही.

आम्हीही विचारलं नव्हतं. निसर्गनंतर सहाव्या दिवशी माझ्या दिरांनी पेट्रोलवरचा एक जनरेटर भाड्याने आणला. विहिरीचा पंप चालवायचा, फ्रीजमधलं सासूबाईंचं इन्सुलिन टिकवायचं आणि मोबाईल चार्ज करायचे, एवढंच काम होतं. पाऊस कोसळत होता म्हणून तो मागच्या पडवीत ठेवला. पडवी दोन बाजूंनी उघडी, आणि आतल्या भिंतीला सासूबाईंच्या खोलीची जाळीची खिडकी. रोज सात ते नऊ चालवायचो. तिसऱ्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, डोकं गच्च झालंय. मग उलटी झाली. आम्ही पित्त समजून कोकमाचं पाणी दिलं. थोड्या वेळाने त्यांच्याजवळ बसलेली माझी मुलगीही डोकं धरून बसली. शेजारचे काका, आयुष्यभर वायरमनचं काम केलेले, टॉर्च मागायला आले होते. पडवीत पाऊल ठेवताच त्यांनी आधी जनरेटर बंद केला आणि म्हणाले, "वहिनी, आजीला आणि पोरीला आत्ताच्या आत्ता अंगणात आणा." पावसात छत्र्या धरून दोघींना खळ्यात बसवलं. तासाभरात मुलगी सावरली. सासूबाईंना आम्ही त्याच रात्री दवाखान्यात नेलं. दोघी वाचल्या.

इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे श्वास चालू असतो पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. सुरुवात डोकेदुखी, गरगरणं, मळमळ अशी अगदी पित्तासारखी होते, आणि झोपलेल्या माणसाला तर जागच येत नाही. जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापुरात रात्री घरात चालू ठेवलेल्या जनरेटरच्या धुराने एकाच कुटुंबातली सहा माणसं गेली. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमची पडवी होती.

अशा घरांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. माणसं जनरेटर आत आणतात ती पाऊस लागू नये आणि चोरीला जाऊ नये म्हणून. या दोन्हींची सोय बाहेर करून ठेवली नाही, तर वादळाच्या रात्री तो पुन्हा आतच येणार. म्हणून जागा उन्हाळ्यातच ठरवायला हवी.

आम्ही परसात २० फुटांवर जांभ्याचा दीड फूट उंच चौथरा बांधला. चार पाइप, वर उतरता पत्रा, चारही बाजू मोकळ्या. चौथऱ्यातच लोखंडी कडी बसवून घेतली, तिला जनरेटर साखळीने बांधतो. जिथे पुराचं पाणी चढतं तिथे दीड फूट पुरणार नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कुठवर आलं ते तिथल्या भिंतींनी पाहिलं आहे, त्या खुणेच्या वर जागा शोधावी. २० फूट, म्हणजे सुमारे ६ मीटर, हे अंतर कोणत्याही दारापासून, खिडकीपासून, झरोक्यापासून मोजायचं, शेजाऱ्याच्यासुद्धा. वाडीत घरं जवळजवळ असतात, आपला धूर त्यांच्या माजघरात जाता कामा नये. धुराड्याचं तोंड घराकडे पाठ करून हवं. पण नुसत्या वाऱ्याच्या भरवशावर अंतर कमी करू नका. पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैऋत्येचा. एरवी किनाऱ्यावर दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, रात्री मतलई वारे जमिनीकडून. दुपारी धूर घराबाहेर नेणारी जागा रात्री तोच धूर घरात आणू शकते.

कौलारू घर आहे, हवा खेळती आहे, असं म्हणून कोणी गाफील राहू नये. आमचंही कौलारूच होतं. आणि पेटीवर 'सायलेंट' लिहिलेलं असतं ते फक्त आवाजाबद्दल. तेवढ्यावर विसंबून जिन्याखाली किंवा फ्लॅटच्या गॅलरीत जनरेटर ठेवलेला मी पाहिला आहे. बंगल्याला, सोसायटीला कायमचा मोठा डिझेल संच बसवणाऱ्यांसाठी तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्रच आहे: धुराचा पाइप इमारतीच्या उंचीच्याही वर, केव्हीएच्या वर्गमूळाच्या ०.२ पट मीटर जायला हवा. २५ केव्हीएला तो १ मीटर होतो. पाइप तळमजल्यावरच्या खिडकीशी संपत असेल, तर बसवणाऱ्याला परत बोलवा.

जनरेटर लांब ठेवला की वायर जास्त लागते, अशी तक्रार ऐकू येते. लागते, आणि लांबी वाढली की ती जाडही घ्यावी लागते. तो खर्च करावा. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच, मात्र बसवाच. काही जण दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सरळ सॉकेटमध्ये खुपसतात. मग आपल्या घरातली वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून ११ हजार व्होल्टपर्यंत चढते, आणि लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेल्या लाइनमनला लागते. पेट्रोलचा कॅन चौथऱ्यापासून दूर, आणि टाकी भरायची ती इंजिन बंद करून, थंड झाल्यावर.

दुकानदारांना विनंती, पावती फाडताना एवढं विचारा: ठेवणार कुठे? आणि आपल्या दैनिकात पावसाळ्याआधी फांद्या छाटण्याच्या, गटारं साफ करण्याच्या सूचना येतात, त्यात चौथऱ्याचं एक साधं रेखाचित्र अंतरासह छापावं. मे संपण्याआधी छापलं तर गवंडी मिळतात. मिरग लागला की ते शेतावर जातात.

आपली,
एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी