‘हकीकत’वरून तुझ्याशी भांडण

धरमपेठ, नागपूर
रविवार

प्रिय अवि,

‘हकीकत’ चित्रपटाला सरकारी जाहिरात म्हणून तू मोकळा झालास. काय बोलून राहिला बे? हरलेल्या लढाईची जाहिरात कोण करतं? 1962 च्या चीन युद्धातला मार ताजा असताना, 1964 मध्ये चेतन आनंदनं लडाखला जाऊन माघारीवर चित्रपट काढला. दमलेले, एकमेकांना सावरत मागे येणारे जवान, आणि कृष्णधवल पडद्यावर त्यांना गिळून टाकणारे ते उघडेबोडके डोंगर. इथे पारा दहावर आला की आपण मफलर शोधतो, म्हणून ती थंडी मला जरा जास्तच लागली असेल.

‘होके मजबूर मुझे’ पुन्हा ऐक. रफी, तलत, मन्ना डे, भूपिंदर. जो तो आपापल्या घरच्या आठवणीत बुडालेला, म्हणून चार आवाज. मदन मोहननं काय चाल बांधली आहे! मला तर हे ‘कर चले हम फिदा’हूनही सरस वाटतं. भांड आता.

प्रिया राजवंशबद्दल मात्र तुझ्याशी सहमत. लडाखी मुलगी म्हणून ती क्षणभरही पटत नाही, त्यामुळे धर्मेंद्रचं प्रेमही पोशाखी वाटतं. चिनी सैनिकांना तर आरडाओरडीपलीकडे काम नाही. कामठीचे आपले सुभेदार काका म्हणाले, ‘बलराज सहानी फौजीसारखा चालतो, बाकीचे नटासारखे.’

खरा राग वेगळाच आहे. आधी गोळी झाडायची नाही, या हुकमानं जवान चरफडतात, हे चित्रपट दाखवतो. पण अशी वेळ त्यांच्यावर आणली कोणी, हे विचारायचं आलं की भाषण सुरू! नेहरूंना अर्पण केलेल्या चित्रपटाकडून ते उत्तर मिळणार नव्हतंच म्हणा. तिकडे त्याच युद्धात, लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत, 18 नोव्हेंबरला मेजर शैतानसिंहांची 13 कुमाऊँ बटालियनची कंपनी गोळ्या संपेपर्यंत लढली. शंभरावर जवान गेले. पुढे त्यांची प्रेतं सापडली तेव्हा कित्येकांच्या हातात बंदुका तशाच होत्या. हे ठाऊक असलं की पडद्यावरची वाक्यं पोकळ वाजतात.

तरी दिवाळीत आलास की सोबत पाहू. रिमोट माझ्याकडे राहील, अन् प्रेमकथा पुढे ढकलली तर कुरकुर करायची नाही. काकूंना नमस्कार.

तुझा,
मनोज