डॉल्बी म्हणजे रॉक नव्हे

महोदय,

गणेशोत्सव जवळ आला की डॉल्बीविरोधी पत्रं येतात आणि त्यात 'रॉकवाल्यांचा ढणढणाट' हे शब्द हमखास असतात. डॉल्बीला माझाही विरोध आहे. पण मिरवणुकीत वाजतं ते रॉक नव्हेच!

दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या रॉक बँडचंच बघा. 2000 साली आलेल्या 'कंदिसा' अल्बमचं शीर्षकगीत ही केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे. 'मा रेवा' हे नर्मदेचं लोकगीत. बँडचे बासवादक-गायक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, हे ठाऊक असलं की ते वेगळंच ऐकू येतं. त्यात शब्द थोडे, तेच पुन्हा येतात. माझ्या मित्रांना कंटाळा येतो. मला मात्र भजनी मंडळ एकच ओळ घोळवत बसतं तशी त्यात गोडी वाटते. आणि 'हिले ले' तर क्रांतिकारी कवी गोरख पांडे यांची भोजपुरी कविता! शाहिरी ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला तिचा जोर समजावून सांगावा लागू नये.

या बँडमध्ये तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती 2009 मध्ये गेले. त्यानंतरची गाणी वाद्यांच्या अंगाने सफाईदार आहेत, पण शब्द कधीकधी उपदेश करू लागतात, असं माझं मत. जुन्या चाहत्यांचा हट्ट म्हणा हवं तर.

आपल्या रविवार पुरवणीत नाट्यसंगीताला जागा असते, ती असावीच. महिन्यातून एकदा एखाद्या भारतीय बँडच्या गीतांवरही कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं, ही विनंती.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर