पेट्रोल सोसत नाही, तर कॅनवर पंपाचं चित्र कशाला छापलंत?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २० लिटरचा लाल प्लास्टिकचा फ्युएल कॅन गळत असल्याबद्दल

तुमच्या कस्टमर केअरवाल्याने आत्ताच माझा फोन कट केला, म्हणून हे लेखी देतो आहे.

कॅन तुमचाच, तेव्हा त्याचं वर्णन करत बसत नाही. झाकणातली काळी रबरी चकती पेट्रोल लागून फुगते, मुरडते आणि झाकण कितीही आवळलं तरी कडेने पेट्रोल पाझरतं. हल्ली पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. त्यात साधं रबर टिकत नाही, हे आमच्या ग्रास कटरच्या मेकॅनिकलाही ठाऊक आहे.

हे सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस विचारतो, "काका, त्यात पेट्रोल भरलं होतं का?" मी म्हटलं, कॅनवर पेट्रोल पंपाचं चित्र आहे. त्यावर, "ते फक्त डिझाईन आहे. फ्युएल म्हणजे डिझेलपण येतं ना." मग होल्डवर ठेवून गाणं ऐकवलं. परत आला तो हे घेऊन: "घरातल्या लेडीजनी झाकण नीट लावलं नसेल. त्यांचा जोर पडत नाही."

फोन स्पीकरवर होता आणि ही शेजारीच उभी होती. आमच्या आंब्याच्या कलमांखालचं गवत ग्रास कटरने तीच काढते. पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मापाने घालते, इंजिन थंड झाल्याशिवाय टाकीचं बूच उघडत नाही. तिला झाकण लावता येत नाही, हे तुम्ही कुठे बसून ठरवलंत? मी आवाज चढवला, तर "सर, भाषा नीट वापरा" म्हणून फोन ठेवला.

वर तोडगा काय, तर "नवीन झाकण घ्या, कुरिअरचे पैसे तुम्ही भरा." त्या झाकणातही रबर तेच ना? मग ते फुगायला कितीसा वेळ?

पेट्रोलियम कायदा, १९३४, कलम ८ वाचा. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं नि मातीचं १ लिटरपर्यंत, धातूचं २५ लिटरपर्यंत. प्लास्टिकचं नाव त्यात नाही. तुमच्या कॅनला पेट्रोलसाठी कुणाची मान्यता आहे? असेल तर कागद दाखवा. नसेल तर पंपाचं चित्र छापून तुम्ही आम्हा शेतकऱ्यांना सरळसरळ फसवलं आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. कॅन खोपीत ठेवतो. तिथून आमची न्हाणीची चूल काही फार लांब नाही आणि ती रोज पहाटे पेटते. वास आला त्याच दिवशी कॅन रिकामा केला. ज्यांच्या लक्षात आलं नसेल त्यांचं काय?

तुमची फवारणीची टाकी आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून आहे. त्याच नावावर विसंबून हा कॅन घेतला, याचं जास्त वाईट वाटतं.

मला झाकण नको. पूर्ण पैसे परत हवेत, तुम्ही हिची लेखी माफी मागायला हवी आणि हे कॅन दुकानांतून उचलायला हवेत. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. नागपूरला पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम नि स्फोटकांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मुख्यालयाला कॅनच्या फोटोंसह पत्र मात्र आजच पाठवतो आहे.

एक ग्राहक,
जि. रत्नागिरी